फोक्सवॅगन व्हर्टस जीटी मॅन्युअल: 14 महिने आणि 22,000 किलोमीटरनंतर

"एवढ्या पैशात उंच गाडी आली असती." गाडी घरी आणली त्या संध्याकाळी बाबा एवढंच बोलले आणि आत निघून गेले. नंतर शेजाऱ्यांनी, ऑफिसातल्या दोघांनी आणि साताऱ्याच्या मामांनीही थोड्याफार फरकाने तेच म्हटलं. त्यांचं अगदीच चूक होतं असं आज मला वाटत नाही. तरीही या गाडीबद्दल भरभरून लिहावंसं वाटतं. ज्यांचं मन सेडानकडे ओढतंय आणि घरचे एसयूव्हीकडे ओढताहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी माझा वापर सांगते. मी पुण्यात राहते, आई-बाबा साताऱ्यात. महिन्यातून तीन वेळा तरी सातारा होतो. ऑफिस घरापासून नऊ किलोमीटर, तेही पुण्याच्या ट्रॅफिकमधलं. याशिवाय दोनदा फोंडा घाटाने कोकण, एकदा आंबोलीमार्गे गोवा, आणि महाबळेश्वर किती वेळा ते मोजलेलं नाही. आधीची गाडी 1.2 लिटरची साधी पेट्रोल हॅचबॅक होती, बारा वर्षं चालवली. नवी गाडी 1.5 टीएसआय (1.5 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन), जीटी प्लस व्हेरिएंट, 6 गिअरची मॅन्युअल.

व्हर्टस भारतात जून 2022 मध्ये आली, कंपनीच्याच जुन्या व्हेंटो सेडानच्या जागी. ती चाकणच्या कारखान्यात तयार होते आणि तिथूनच मेक्सिकोलाही जाते. तळेगाव-चाकण रस्त्यावरून ये-जा करणाऱ्या आम्हा पुणेकरांना त्याचं थोडं अप्रूप वाटतं. 1498 सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, 150 पीएस ताकद आणि 1600 ते 3500 आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दरम्यान 250 एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर. कागदावरच्या या आकड्यांपैकी रोजच्या आयुष्यात मला उपयोगी पडला तो शेवटचा.

त्याचं कारण सातारा-कोरेगाव-पुसेगाव बाजूचा रस्ता. तिकडे आमचे बरेच नातेवाईक आहेत. गाळप हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, या भागात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. वेग जेमतेम वीस. समोरून एसटी येत असते. जुन्या गाडीत अशा वेळी मी तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकायचे, पाय पूर्ण दाबायचे, इंजिन ओरडायचं आणि गाडी सावकाश पुढे सरकायची. दुसऱ्या ट्रॉलीच्या बरोबरीला आल्यावर समोरच्या दिव्यांकडे बघत जीव मुठीत धरून बसायचं. या गाडीत दुसऱ्या गिअरवर पाय ठेवला की ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या चार-पाच सेकंदांत मागे पडतात. उलट्या बाजूला असण्याचा वेळ निम्म्याहून कमी झाला. स्पोर्ट सेडान मला कशाला हवी, याचं माझ्यापुरतं उत्तर ते चार-पाच सेकंद आहेत. एक्स्प्रेसवेवर कारची मर्यादा ताशी 100 आहे. गाडीचा कमाल वेग किती, हा प्रश्न लोक मला सगळ्यात जास्त विचारतात, पण त्याचा मला काडीचा उपयोग नाही.

मात्र ही ताकद वापरायला शिकावं लागतं. 1600 आरपीएमच्या खाली इंजिन सुस्त असतं. पहिल्या महिन्यात जुन्या सवयीने मी लवकर वरचा गिअर टाकायचे आणि ओव्हरटेक करताना क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग अचानक गाडी झेपावायची. तो क्षणभराचा उशीर धोक्याचा आहे. आता ओव्हरटेकच्या आधीच, ट्रकच्या मागे असतानाच, एक गिअर खाली आणते. टेस्ट ड्राइव्हला गेलात तर हे मुद्दाम करून बघा: तिसऱ्या गिअरवर ताशी तीसला चालवा, मग पाय दाबा. नंतर तेच दुसऱ्यावर करा. फरक लगेच कळेल.

घाटात टर्बोचा आणखी एक फायदा जाणवतो. वर जाऊ तशी हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद घटते. टर्बो हवा दाबून आत ढकलत असल्यामुळे ती घट बरीचशी भरून निघते. वाईहून पसरणी घाट चढताना चार माणसं आणि भरलेली डिकी असूनही तिसरा गिअर पुरतो. उतरताना मात्र मी हट्टाने दुसऱ्या गिअरवरच उतरते.

याचं कारण ब्रेक. पुढे डिस्क आहेत, मागे ड्रम. थांबताना गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात आणि माझ्या 22,000 किलोमीटरमध्ये गाडी थांबली नाही असं कधी झालं नाही. तरी 150 पीएसच्या गाडीला चारही डिस्क असायला हव्यात असं माझं ठाम मत आहे. ह्युंदाईच्या टर्बो व्हर्ना सेडानच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये त्या मिळतात, शिवाय एडीएएससुद्धा (चालकाला सावध करणारी आणि गरजेला स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा), जे माझ्या व्हर्टसमध्ये नाही. हे तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल तर व्हर्ना नक्की बघा. तिचं इंजिनही 160 पीएसचं आहे. मी दोन्ही चालवल्या. खंबाटकीच्या वळणांवर व्हर्टसचं स्टिअरिंग आणि गाडीचं जमिनीला चिकटून राहणं मला जास्त विश्वासाचं वाटलं. शिवाय 2023 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे पाच तारे मिळाले होते. माझा निर्णय तिथेच झाला.

मॅन्युअल का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. याच इंजिनाबरोबर सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मिळतो. गिअर इतके पटकन आणि गुळगुळीत बदलतात की पहिल्या फेरीत कोणीही प्रेमात पडेल. पण त्यात कोरड्या प्रकारचे दोन क्लच आहेत, तेलात बुडालेले नाहीत. बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने सरकवत राहिलं की क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. हा त्या रचनेचाच स्वभाव आहे. माझ्या रोजच्या नऊ किलोमीटरांपैकी पाच तरी असेच असतात, आणि मला ही गाडी दहा वर्षं ठेवायची आहे, म्हणून मी मॅन्युअल घेतली. त्याची किंमत माझा डावा पाय मोजतो. ज्यांचा वापर मुख्यतः हायवेचा आहे, किंवा ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी डीएसजी घ्यावा. फक्त पुढच्या गाडीपासून थोडं अंतर सुटू द्यावं आणि मग ब्रेक पूर्ण सोडून पुढे जावं, इंचाइंचाने सरकू नये. वाढीव वॉरंटीचे पैसे वाचवू नयेत.

आता बाबांच्या मुद्द्याकडे येते. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, रिकामी असताना 179 मिलिमीटर आहे, आणि हा आकडा सेडानसाठी चांगलाच आहे. पण पाच माणसं बसली की तो तितका राहत नाही. नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलाकार असायला हवा. तसा एखादा गतिरोधक माझ्या गावाच्या वाटेवर असता तर ही गाडी कुठेच घासली नसती. प्रत्यक्षात गावकऱ्यांनी अपघाताला कंटाळून स्वतः बांधलेले, उभ्या कडेचे, अरुंद उंचवटे आहेत. पाच जण असताना तिरकी घालून, पहिल्या गिअरवर नेते. 14 महिन्यांत तीनदा पोट घासलं, तिन्ही वेळा गाडी भरलेली होती. एकटी किंवा दोघं असताना एकदाही नाही.

आईचा प्रश्न यापेक्षा मोठा होता. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. पहिल्यांदा बसली तेव्हा उठताना तिला माझा हात धरावा लागला आणि तिचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं; इतके पैसे घालून आईला त्रास होईल अशी वस्तू आणली असं झालं. हळूहळू काही गोष्टी कळल्या. गाडी फुटपाथला चिकटून लावायची नाही, कारण ती फुटपाथवर उभी राहिली की सीट आणखीच खाली जाते. थोडी लांब, रस्त्यावर सपाट जागी लावायची. तिने आधी पाठमोरं बसायचं, मग पाय आत घ्यायचे. पुढच्या सीटवर एक घट्ट उशी ठेवली. आता ती हात न धरता उतरते. लांबच्या प्रवासात आत बसल्यावर मात्र तिला ही गाडी जुन्या गाडीपेक्षा फार आवडते, कारण वळणावर शरीर डोलत नाही आणि मळमळत नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना टेस्ट ड्राइव्हला बरोबर न्याच. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नव्हे, तुमच्या दारात बसवून-उतरवून बघा.

मागच्या सीटवर दोघांना ऐसपैस, गुडघ्यांना भरपूर जागा. तिसरा मोठा माणूस बसला की खांद्याला खांदा लागतो. डिकी 521 लिटरची. दिवाळीत साताऱ्याहून येताना तांदळाचं पोतं, दोन बॅगा, फराळाचे डबे आणि नारळ, सगळं मावलं.

अ‍ॅव्हरेज: पुण्यात 10 ते 11, सातारा फेरीला 17 च्या आसपास, एकटीने शांत चालवली तर 18 च्या वर. कमी ताण असताना इंजिन आपणहून चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवतं. हायवेवर स्थिर 80-90 ला ते कळतही नाही, फक्त स्क्रीनवर दिसतं. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे थोडा फटका बसतोच. टाकी 45 लिटरची आहे.

खर्चाचा एकच मोठा धक्का बसला, तो टायरचा. जुलैच्या पावसात रात्री सर्व्हिस रोडवर पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. डाव्या पुढच्या टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, लिंबाएवढा फुगा आला. पंक्चरवाल्याने हात लावून सांगितलं, "ताई, याला पॅच नाही. हा टायर घेऊन हायवेला जाऊ नका." आतले धागे तुटले की असा फुगा येतो आणि वेगात तो फुटू शकतो. पुढचे दोन्ही टायर बदलले. साध्या विमा पॉलिसीत एकट्या टायरचं नुकसान भरून मिळत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं, हे मला तेव्हा समजलं. यंदा ते घेतलं. या गाडीला 205/55 आर16 टायर आहेत, म्हणजे साइडवॉल साधारण 11 सेंटिमीटरची. दिसायला छान म्हणून 17 किंवा 18 इंची चाकं बसवली की ही उंची कमी होते आणि खड्ड्याचा मार थेट रिमवर जातो. आपल्या रस्त्यांवर कृपा करून ते करू नका.

खरेदीच्या वेळचा अनुभव सांगायलाच हवा. पहिल्या शोरूममध्ये मी इंजिनाबद्दल विचारत होते आणि विक्रेता उत्तरं माझ्या नवऱ्याला देत होता. नवऱ्याने दोनदा सांगितलं की गाडी हिची आहे, पैसे हिचे आहेत, चालवणारही हीच. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर आम्ही उठलो. दुसऱ्या शोरूममध्ये माणसं नीट बोलली, पण कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' होते. ते कशाचे, हे पावतीवर स्पष्ट लिहून द्या म्हटल्यावर रक्कम निघून गेली. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. मी तीन ठिकाणी दर काढले आणि तेवढीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (सुट्या भागांची घसारा-कपात न होणारं कव्हर) ठेवून बरीच रक्कम वाचली. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीवर 12 टक्के रोड टॅक्स आहे, तो हिशेबात आधीच धरा, नाहीतर ऑन-रोड आकडा बघून धस्स होतं. नोंदणीच्या आधी गाडी स्वतः तपासा: चेसिस नंबरच्या पट्टीवरून बनावटीचा महिना, टायरवरच्या चार आकड्यांवरून टायरचा आठवडा आणि वर्ष, ओडोमीटर, काचांवरचे नंबर. मी हे टॉर्च घेऊन केलं, कोणाला काय वाटेल याचा विचार न करता.

सर्व्हिस 15,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा. माझ्या पहिल्या बिलाच्या अंदाजपत्रकात इंजिन क्लीनिंग आणि एसी ट्रीटमेंट होतं. गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही कुठेच नव्हतं. पुस्तिका उघडून समोर ठेवली, दोन्ही ओळी काढल्या गेल्या. ती पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्येच ठेवा आणि सर्व्हिसच्या आधी रात्री एकदा वाचा.

बाबांनी गेल्या महिन्यात पहिल्यांदा गाडी स्वतः चालवायला मागितली. साताऱ्याहून मेढ्यापर्यंत नेली, परत आणली, दारात लावली. "उंच हवी होती" हे त्यांचं मत तसंच आहे. पण आता दर रविवारी सकाळी फोन करून विचारतात, येताना गाडी कोणती आणते आहेस, नवऱ्याची की आपली.