सीफॅप: अर्ज सुटसुटीत, दर मात्र तारखेवर

कोरोनाच्या साथीत अमेरिकेच्या कृषी खात्याने शेतकऱ्यांना आणि पशुपालकांना थेट रोख मदत देण्यासाठी ‘कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम’, म्हणजेच सीफॅप, ही योजना राबवली. सरकारी सेवा म्हणून तिचे मूल्यमापन करताना पैसे पोहोचवण्याची यंत्रणा आणि पैसे ठरवण्याची रीत यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. यंत्रणा चांगली होती. दर ठरवण्याच्या रीतीबद्दल, निदान गुरे पाळणाऱ्यांपुरते, तसे म्हणता येत नाही.

योजनेची घोषणा १७ एप्रिल २०२० रोजी झाली आणि २६ मेपासून फार्म सर्व्हिस एजन्सी या कृषी खात्याच्याच संस्थेच्या काऊंटी (जिल्हा) कार्यालयांनी अर्ज घ्यायला सुरुवात केली. थेट मदतीसाठी १६ अब्ज डॉलर ठेवले होते. अर्जदाराने गुरांची संख्या स्वतःच प्रमाणित करायची, कागदपत्रे मागितली तरच दाखवायची आणि आधी ८० टक्के रक्कम घ्यायची, अशी ही सोय होती. एवढ्या विश्वासावर चालणाऱ्या योजनेत गैरफायद्याला वाव राहतोच, पण घाईच्या काळात तो धोका पत्करणे मला योग्य वाटते.

खरी अडचण दरांत होती. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या, कत्तलीस तयार झालेल्या पुष्ट जनावरामागे २१४ डॉलर मिळत. तेच जनावर १६ एप्रिल ते १४ मे या काळात मालकाकडेच असेल, तर केवळ ३३ डॉलर. म्हणजे अशी शंभर जनावरे १४ एप्रिलला विकणाऱ्याच्या हिशेबात २१,४०० डॉलर येत आणि आठवडाभर थांबलेल्याच्या हिशेबात ३,३००. थांबलेला माणूस बहुधा हौसेने थांबलेला नव्हता. एप्रिलमध्ये मांसप्रक्रिया कारखान्यांत साथ पसरून काही कारखाने बंद पडले, काहींचे काम मंदावले, आणि तयार गुरे घ्यायलाच कोणी उरले नाही. दुसरीकडे गोमांसाचे घाऊक भाव मात्र चढत गेले. ज्या आठवड्यांत फीडलॉटवाल्यांची, म्हणजे कत्तलीपूर्वी गुरे चारून पुष्ट करणाऱ्यांची, कोंडी सर्वाधिक होती, नेमक्या त्याच आठवड्यांना योजनेने सर्वांत कमी दर लावला.

गाई राखून वासरे विकणाऱ्या रँचवाल्यांचेही असेच झाले. त्यांच्यापैकी अनेकांची विक्री शरद ऋतूत होते. त्यामुळे वसंतातल्या कळपावर त्यांना ३३ डॉलरचाच दर लागू झाला. २१ सप्टेंबरला सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीत मांसासाठीच्या जनावरामागे ५५ डॉलर ठरले, परंतु पैदाशीची जनावरे वगळण्यात आली. अशा रँचवर कळपाचा मोठा भाग पैदाशीच्या गाईंचाच असतो, हे कृषी खात्याला ठाऊक नसेल असे कसे म्हणावे?

डिसेंबर २०२० च्या कायद्याने यावर काही प्रमाणात उपाय केला. एप्रिल-मेमध्ये मालकाकडे असलेल्या गुरांवर जादा रक्कम मंजूर झाली, तीही नव्याने अर्ज न मागता. पुष्ट जनावरामागे ६३ डॉलर वाढले आणि एकूण दर ९६ डॉलरवर आला. २१४ च्या तुलनेत तो निम्म्याहूनही कमी राहिला. मोठ्या व्यवसायांना प्रत्येक फेरीत व्यक्तीमागे अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादाही होती. राबणारे भागीदार असलेल्या कंपन्यांना ती साडेसात लाखांपर्यंत वाढवून मिळे. लहान रँचवाल्याला त्या मर्यादेशी फारसे देणेघेणे नव्हते; त्याच्या हाती किती पडणार, हे १५ आणि १६ एप्रिल यांमधल्या रेषेनेच ठरवून टाकले होते.