डोमेनच्या नावाने फिरणारे खोटे मेल आणि क्लाउडफ्लेअरचं 'डीमार्क मॅनेजमेंट'

आपण पाठवलेच नाहीत अशा मेलचे बाउन्स (न पोचल्याचे परतीचे मेल) ढिगाने येऊ लागतात, नाहीतर गिऱ्हाईकाचा फोन येतो, "तुमचं बँक खातं बदललं का हो?" नाशिकच्या सातपूर-अंबडचे कारखानदार असोत की द्राक्ष निर्यातदार, अशा वेळी घाईघाईने पासवर्ड बदलला जातो. तो बदलाच, सेंट फोल्डरही तपासा. पण बहुतेकदा मेलबॉक्समध्ये कुणी शिरलेलं नसतं. 'फ्रॉम'च्या (पाठवणाऱ्याच्या) जागी कुणाचंही नाव घालता येतं, हे खरं दुखणं आहे.

यावर इलाज डीएनएसमध्येच, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत: एसपीएफ (तुमच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि त्या दोघांवर डीमार्क (नापास मेलचं काय करायचं ते धोरण). डीमार्कचे रोजचे अहवाल मेल घेणाऱ्या सेवांकडून झिप केलेल्या एक्सएमएल फायलींत येतात आणि कुणी उघडत नाही. क्लाउडफ्लेअर (डीएनएस सांभाळणारी कंपनी) 'डीमार्क मॅनेजमेंट'मध्ये ते वाचून तुमच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवतात याची सरळ यादी दाखवतं. सेवा फुकट आहे, मात्र डोमेनचं डीएनएस त्यांच्याकडे हवं.

गडबड होते ती इथेच. नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी सांगणारे सर्व्हर) क्लाउडफ्लेअरकडे हलवताना जुन्या नोंदी आपोआप शोधल्या जातात, पण डीकेआयएमची नोंद बऱ्याचदा निसटते, कारण सिलेक्टरचं (त्या नोंदीच्या लेबलचं) नाव बाहेरून कळत नाही. ती हाताने घाला. मेल सर्व्हरच्या नोंदीवरचा ढग नारिंगी (क्लाउडफ्लेअरमार्फत) नको, राखाडी (फक्त डीएनएस) हवा, नाहीतर येणारे मेल अडकतात. आणि डोमेनचं लॉगिन वेबसाइटवाल्याकडे असेल तर आधी ते आपल्या ताब्यात घ्या.

सुरुवात 'नन' (काहीच अडवू नका) धोरणाने करा आणि निदान एक महिना थांबा, म्हणजे महिनाअखेरची बिलं आणि पगारपत्रकं पाठवणारी सॉफ्टवेअरही यादीत येतील. वेबसाइटचा चौकशी फॉर्म बहुधा नापास दिसतो, कारण तो होस्टिंगच्या सर्व्हरवरून सहीशिवाय मेल टाकतो. त्याला कंपनीच्या मेल खात्याचं एसएमटीपी (मेल पाठवायची जोडणी) जोडा. न्यूजलेटर एसपीएफमध्ये पास होऊनही डीमार्कमध्ये नापास होतं, कारण एसपीएफ रिटर्न-पाथचं (बाउन्स जिथे परत जातो त्या पत्त्याचं) डोमेन तपासतं आणि ते न्यूजलेटरवाल्याचं असतं, 'फ्रॉम'मधलं तुमचं नव्हे. तिथे आपल्या डोमेनची डीकेआयएम सही चालू करा. एसपीएफची नोंद एकच ठेवा, दोन झाल्या की दोन्ही बाद. तिच्यातून होणाऱ्या डीएनएस चौकशाही 10 च्या आत ठेवा.

यादीतले सगळे आपले सर्व्हर पास झाले की 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये टाका), मग 'रिजेक्ट' (घेऊच नका). 'नन'वरच महिनोन् महिने राहिलात तर फक्त पाहणी होते, खोटा मेल अडत नाही.

एका अक्षराचा फरक असलेलं डोमेन किंवा जीमेलच्या पत्त्यावर तुमचं नुसतं नाव, यांच्यापुढे मात्र डीमार्कचं काही चालत नाही. म्हणून खातं बदलल्याचा मेल आला तर आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करूनच खात्री करा, हे गिऱ्हाईकांना कळवून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर तक्रार करा.

छोट्या कंपनीने ही सेवा जरूर घ्यावी. नुसतं घेऊन ठेवलेलं दुसरं डोमेन असेल तर त्यावरून मेल जातच नाही, तिथे 'रिजेक्ट' पहिल्याच दिवशी लावता येतं.