पहिल्या ट्रेकिंग सेटचे साडेअकरा हजार आणि पाचनईच्या वाटेवर सुटलेला सोल

डिसेंबरात लेकीबरोबर हिमालयातला केदारकंठा ट्रेक करायचं ठरलं, तेव्हा माझ्याकडे ट्रेकिंगचं म्हणावं असं काहीच नव्हतं. ज्या ग्रुपबरोबर पावसाळ्यात दोन ट्रेक केले होते, त्याच्या लीडरनेच व्हॉट्सअ‍ॅपवर 'बिगिनर सेट'चा फोटो टाकला. ६० लिटरची सॅक, उणे ५ अंशांपर्यंतच्या थंडीची डाऊन, म्हणजे पिसं भरलेली, स्लीपिंग बॅग, बूट आणि जॅकेट, सगळं मिळून ११,५००. "मॅडम, एक्स्पोर्ट सरप्लस आहे. दुकानात चोवीस हजारांच्या खाली मिळणार नाही. सातच सेट आहेत."

या मुलाने मला ओल्या कातळावरून हात धरून उतरवलं होतं. त्याच्यावर शंका घ्यावी असं मनातही आलं नाही. बिल मागितलं तर म्हणाला, "सरप्लसला बिल नसतं." मी तिथेच थांबायला हवं होतं. पण सात जणांच्या यादीतून आपलं नाव राहून जाईल या घाईत यूपीआयने सगळे पैसे भरून टाकले. सामान आलं ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. बुटांना खोका नव्हता.

आधी एक रात्र हरिश्चंद्रगडावर काढून बघू, हे लेकीने सुचवलं. पाचनईची वाट सोपी, वर जेवणाची सोय. चढताना पहिल्या तासाभरातच खांदे भरून आले. सॅकचं वजन कमरेच्या पट्ट्याने कंबरेवर यायला हवं. माझ्या सॅकचा तो पट्टा म्हणजे नुसती शिवलेली फीत होती आणि पाठीला आधार द्यायला आत काहीच नव्हतं. रात्री मंदिराजवळच्या तंबूत स्वेटर, जॅकेट, दोन जोड मोजे घालून त्या 'उणे ५'च्या बॅगेत शिरले आणि पहाटेपर्यंत कुडकुडत बसले. नोव्हेंबरातला सह्याद्री तो, तिथे पाणीसुद्धा गोठत नाही. केदारकंठ्याचा माथा साडेबारा हजार फुटांवर आहे आणि डिसेंबरात तिथे कॅम्प बर्फात लागतो. तिथे ही बॅग घेऊन झोपले असते तर, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

सकाळी उतरताना उजव्या बुटाचा सोल टाचेकडून सुटला. पाच मिनिटांनी डावाही. आतून पिवळट भुगा पडत होता. गावातल्या एका दादांनी नायलॉनच्या दोरीने दोन्ही बूट बांधून दिले, तशीच पाय घासत खाली आले.

नंतर एका जुन्याजाणत्या ट्रेकरने समजावलं. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन नावाचं फोमसारखं प्लास्टिक असतं. हवेतल्या दमटपणाने ते काही वर्षांत आतून कुजतं, बूट एकदाही न वापरता पडून राहिला तरी. म्हणजे मला वर्षानुवर्षं गोदामात पडलेले बूट पुसून, चमकवून विकले होते. खोका का नव्हता तेही कळलं, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं.

स्लीपिंग बॅग मी आमच्या गादीवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी ब्लेडने एक कप्पा उसवला, आतला कापूस बोटांत चोळला आणि म्हणाले, "ताई, पीस कुठाय यात? हा उशीतला फायबर आहे, तोही विरळ भरलाय." डाऊन म्हणजे बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं, इथे एकही नव्हतं. लेबलवर एकच आकडा होता, उणे ५. प्रमाणित चाचणी झालेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तापमानाचे तीन आकडे असतात. त्यातला एक्स्ट्रीम हा नुसता जीव तगवण्याचा आकडा, झोपेचा नव्हे. आपण बघायचा तो कम्फर्टचा. हे मला तेव्हा माहीत असतं तर फोटो बघूनच प्रश्न विचारला असता.

लीडरला फोन केला. आधी म्हणाला, "वापरलेला माल कसा परत घेणार?" ग्राहक आयोगाचं नाव काढल्यावर ४,००० रुपये पाठवले आणि मला ब्लॉक केलं. ग्रुपवरचे फोटोही डिलीट झाले, पण लेकीने स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. ते आणि यूपीआयची नोंद हाच आता माझा पुरावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षांची. उरलेल्या साडेसात हजारांसाठी मी तिथे जाणार आहे.

केदारकंठ्याला आम्ही गेलो. सॅक आणि स्लीपिंग बॅग पायथ्याच्या सांक्री गावातच भाड्याने घेतल्या, घेण्याआधी दुकानातच उघडून, आत शिरून बघितल्या. बूट मात्र बिल घेऊन विकत घेतले आणि महिनाभर घराजवळच्या टेकडीवर घालून फिरले.

त्या दिवशी माझ्याबरोबर आणखी सहा जणांनी पैसे भरले होते. चौघांशी बोलणं झालं. त्यातल्या दोघांच्या बुटांची टाच अंगठ्याने दाबल्यावर भुगा पडला. सहापैकी उरलेल्या दोघांचे नंबर माझ्याकडे नाहीत आणि त्यातली एक मुलगी जानेवारीत हिमालयात जाणार होती. काळ्या पिशवीतून, खोक्याशिवाय आलेले असे बूट कुणाकडे असतील, तर आज रात्रीच काढून टाच दाबून बघा.