समुद्रावर रात्री गरवायला घेतलेला रॉड-रील सेट : आठ महिने वापरल्यानंतर

मागच्या दसऱ्याला हा सेट घेतला, आता जून लागला, म्हणजे आठ महिने झाले. एवढ्यात समुद्रावर सात फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीत दोन रात्री, आणि मधे सुट्टीच्या दिवशी आपल्या तापीवर जमेल तसं. बॉक्स उघडला की लगेच पाच स्टार देणारे खूप असतात, पण खाऱ्या पाण्यात वस्तू कशी टिकते ते चौथ्या-पाचव्या महिन्यातच कळतं, म्हणून मुद्दाम थांबलो होतो.

मी खानदेशातल्या अमळनेरचा, आणि हे आधी सांगणं गरजेचं आहे कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माझे साडू पालघर जिल्ह्यात किनाऱ्याला राहतात, त्यांच्या गावी खाडीच्या तोंडावर जुना धक्का आहे. गावाचं नाव देत नाही, जागा लहान आहे आणि तिथल्या लोकांचं पोट त्यावर आहे. शुक्रवारची गाडी धरायची, नंदुरबार, नवापूर करत सुरतेजवळच्या उधन्याला उतरायचं, तिथून मुंबईकडची गाडी, एका बाजूने साडेतीनशे किलोमीटरच्या वर जातं. गल्लीतले म्हणतात, "तापी सोडीसन कथा चालना रे भो?" (तापी सोडून कुठे चाललास रे भाऊ?) पण ज्याने एकदा भरतीच्या पाण्यात रात्री गळ टाकलाय त्याला हा प्रवास जड वाटत नाही.

आता सेट. रॉड १० फुटी, दोन तुकड्यांचा, २,६०० रुपये. रील ५००० साईजचं स्पिनिंग, ३,४०० रुपये. त्यावर ३० पौंडाची ब्रेड लाईन, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी, ३०० मीटर, आणि ७५० चा हेडलॅम्प. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार या एका नगाबद्दल आहे आणि या किमतीची बरीचशी रीलं आतून साधारण अशीच असतात.

रॉडबद्दल मी खूश आहे. टोक मऊ आहे, ढोमीसारखा छोटा मासा टोचला तरी हाताला कळतं, आणि खालचा भाग एवढा ताठ आहे की ४ औंसाचं शिसं आरामात लांब जातं. गाईडमध्ये, म्हणजे रॉडवरच्या ज्या कड्यांतून लाईन जाते त्यांत, सिरॅमिकच्या रिंगा आहेत, हे घेताना नक्की बघा, साध्या स्टीलच्या रिंगेत ब्रेड लाईन हळूहळू खाचा पाडते आणि मग त्याच खाचा लाईन कापतात. रील बसवायच्या जागेच्या पेचावर थोडा गंज आलाय, बाकी काही नाही. गर्दीच्या डब्यात पाच फुटी तुकडे मोडतील ही मोठी भीती होती, तर शेतात उरलेला पीव्हीसी पाईपचा तुकडा घेतला, दोन्हीकडे एंड कॅप लावल्या, आत जुनी चादर. आठ महिन्यांत ओरखडासुद्धा नाही.

रीलची गोष्ट मोठी आहे.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात सॉल्टवॉटर लिहिलेलं आहे. पहिल्या दोन फेऱ्या एकदम लोण्यासारखं चाललं. तिसऱ्या फेरीला हँडल फिरवताना बारीक वाळू दळल्यासारखं वाटायला लागलं, मी म्हटलं वाळू गेली असेल. चौथ्या फेरीला लाईन रोलर, म्हणजे बेलच्या (रीलवरच्या तारेच्या कमानीच्या) टोकाला जिच्यावरून लाईन वळते ती बारकी चाकी, फिरायचीच थांबली. रात्रीच्या अंधारात हे दिसत नाही ना, लाईन चाकीवर न फिरता नुसती घासत राहते, पीळ पडतो, आणि एकाच जागी धागे उसवतात. त्या रात्री चांगला जड मासा लागला, दोन वेळा ड्रॅग (रीलचा ब्रेक, ओढ जास्त झाली की लाईन सोडतो) ओढून नेला, तिसऱ्या वेळी लाईन तुटली. टोक हातात घेऊन बघितलं तर कापल्यासारखं नव्हतं, कापसाच्या वातीसारखं पिंजलेलं होतं. तो मासा कोणता होता हे मला कधीच कळणार नाही आणि त्याचं अजून वाईट वाटतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की मिठाने झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही. सॉल्टवॉटर लिहून विकायचं आणि मीठ वॉरंटीत नाही म्हणायचं, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

शेवटी आमच्या गल्लीतल्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी रील आयुष्यात पहिल्यांदा बघितलं पण पेच न पेच ओळीने मांडून उघडलं, कागदावर कुठला कुठून निघाला ते लिहीत. रोलरचं बेअरिंग बाहेर काढलं, आतून ४ मिमी, बाहेरून ७ मिमी, ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं. नखावर ठेवून दाखवलं, गोळ्यांच्या मधे पांढरी पूड गच्च बसलेली आणि कडेला तांबूस गंज. काका म्हणाले, "भाऊ, हे त्या रात्री खराब नाही झालं. मशीन ओली ठेवून झाकण लावलं की असं होतं." आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला.

किनाऱ्यावरचा माणूस घरी जातो आणि अर्ध्या तासात रील धुतो. मी काय करत होतो, रविवारी पहाटे धक्क्यावरून उठायचो, ओलं रील कापडात गुंडाळून बॅगेत टाकायचो, दिवसभर गाडीत, रात्री घरी, सोमवारी ड्युटी, म्हणजे धुवायला कधी कधी मंगळवार. खारं पाणी दोन दिवस बेअरिंगमध्ये, आणि वर आपल्याकडची हवा कोरडी, पाणी उडून जातं आणि मीठ खडे होऊन तिथेच बसतं. आपल्या भागातून समुद्रावर जाणाऱ्या कोणालाही मी हेच पहिलं सांगेन, रील धक्क्यावर नाही, गाडीत मरतं.

आता माझी पद्धत अशी. दोन लिटर गोडं पाणी सोबत नेतो, ते प्यायचं नाही, रीलचं आहे. निघायच्या आधी ड्रॅग पूर्ण घट्ट करतो म्हणजे पाणी वॉशरमध्ये जात नाही, बाटलीच्या झाकणाला भोकं पाडलीत, त्यातून हलकी धार सोडत हँडल फिरवतो. जोराची धार किंवा पाईप अजिबात नाही, त्याने मीठ निघायच्या ऐवजी आत ढकललं जातं. मग झटकायचं, पुसायचं, ड्रॅग सैल करायचा नाहीतर वॉशर दबून बसतात, आणि कापडात न गुंडाळता जाळीच्या पिशवीत टांगून न्यायचं. घरी आल्यावर रोलरवर आणि बेलच्या सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. अजून एक, धुवायला बोअरचं पाणी वापरू नका, आमच्या बोअरचे क्षार एवढे आहेत की वाळल्यावर त्याचेच पांढरे डाग पडतात. मी फिल्टरचं नेतो. बेअरिंग स्टेनलेसचं ऑनलाईन मागवून काकांकडून बसवलं, त्यानंतरच्या तीन फेऱ्या रील व्यवस्थित चालतंय. दळल्याचा आवाज थोडा आहे, तो आता जाणार नाही.

तापीवर हेच रील वापरलं तर काही प्रश्नच नाही, चिखल लागतो तो पुसला की झालं. तापी शेवटी सुरतेजवळ त्याच समुद्राला मिळते पण आपल्या इथलं पाणी आणि ते पाणी, लोखंडाला विचारा फरक.

धक्क्यावर या सेटकडून काय काम घेतलं ते पण सांगतो, नाहीतर आकडे नुसते वाचून काही कळत नाही. सुरुवातीला मी नदीवरच्या सवयीने लांब फेकत होतो, जेवढं लांब तेवढा मासा मोठा, असं डोक्यात. तिथे मांगेला या मच्छीमार समाजातले एक वयस्कर काका बसतात, ते गळ फेकतच नाहीत, पायाशी सोडतात. धक्क्यावरच्या दिव्याचा उजेड पाण्यावर पडतो, त्यात बारीक जीव जमतात, त्यांना खायला छोटे मासे येतात, आणि मोठा मासा उजेडात येत नाही, तो जिथे उजेड संपतो आणि धक्क्याची सावली सुरू होते त्या रेषेवर अंधाराच्या बाजूला उभा राहतो. आमिष त्या रेषेवरून वाहत जाऊ द्यायचं. मला हे ऐकून कळलं नव्हतं, डिसेंबरमध्ये डोळ्यांनी बघितलं. त्या दिवसांत पाणी चमकत होतं, लाईन पाण्यात शिरते तिथे निळसर ठिणग्या, आणि सावलीत एक लांब निळी रेघ हळू सरकली आणि थांबली. जिवंत कोळंबी सोडली, रेघ वळली आणि रॉड खाली गेला. जिताडा होता, पावणेतीन किलो. ड्रॅगने त्या दिवशी चांगलं काम केलं, खांबांकडे पळत होता तरी झटका न देता एकसारखी लाईन सुटत होती, हा मार्क रीलला द्यायलाच पाहिजे.

पण मासा वर कसा घेणार? नदीच्या काठावर असतो तर वाकून घेतला असता. त्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, रात्री भरतीला पायाखाली असलेलं पाणी पहाटे दीड मजला खाली गेलेलं असतं. लाईनने उचलायला गेलात तर मासा पण जातो आणि रॉड पण. काकांनी त्यांचं दोरीला बांधलेलं गोल जाळं खाली सोडलं म्हणून तो आला. पुढच्या फेरीला तसलं जाळं मी ४५० ला घेतलं, या सगळ्या खर्चात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू तीच.

वेळ कशी काढायची ते पण त्यांच्याकडूनच शिकलो. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता, थोडं पुढेमागे, गावागणिक फरक असतो. मी सुट्टी जुळेल तेव्हा वद्य द्वादशी-त्रयोदशी धरून जातो, रात्री ९-१० ला भरती आणि चंद्र पहाटे उगवतो, म्हणजे अंधार भरपूर आणि दिव्याची सावली स्पष्ट. घरात कॅलेंडर असतंच, वेगळं ॲप लागत नाही.

हेडलॅम्प ठीक. लाल उजेडाचं बटण वेगळं आहे हे चांगलं, गाठ बांधायला तेवढा पुरतो आणि डोळे अंधाराला सरावलेले राहतात. पांढरा लाईट पाण्यावर मारला की मासे पांगतात, शेजारचा माणूसही वैतागतो. चार्जिंगच्या खाचेवरचं रबर ढिलं आहे, पाचव्या महिन्यात आत हिरवट गंज आला, आता केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज होतो. परत घेणार नाही.

ब्रेडला पुढे दोन मीटर ५० पौंडाची जाड मोनो (एकसंध नायलॉनची लाईन) लावा, खांबांवर कालवं असतात, ब्रेड त्यांना टेकली की संपली. आणि हातमोजे. साडूंनी फेब्रुवारीत शिंगाळा नुसत्या हाताने धरला, त्याच्या पाठीवरचा काटा अंगठ्यात गेला, माणूस कळवळला. धक्क्यावरच्या काकांनी सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात धरायला लावला, चहाच्या टपरीवरून पातेलं आणलं, अर्ध्या तासाने कळ उतरली कारण ते विष गरम पाण्याने निकामी होतं, पण तरी सकाळी डॉक्टरला दाखवलंच, काट्याचा तुकडा आत राहू शकतो. तेव्हापासून पक्कड आणि मोजे रॉडच्या पाईपलाच बांधून ठेवलेत.

आता विचाराल, घ्यावं का. रॉड डोळे झाकून घ्या. रील तुम्ही किनाऱ्याला राहत असाल आणि रोज धुणार असाल तर घ्या, आपल्या भागातून जाणार असाल तर हजार-दीड हजार जास्त घालून ज्याचा लाईन रोलर सीलबंद आहे असं बघा, दुकानदाराला रोलर उघडून दाखवायला सांगा. मी तेच करणार होतो पण काकांनी दुरुस्त केलेलं अजून चालतंय, त्यामुळे एक सीझन काढणार.

सध्या जाणं बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींनाच मासेमारीची बंदी आहे, गळाला नाही, पण पावसाळी समुद्रात धक्क्यावर लाट वरून येते आणि पायऱ्यांवर शेवाळ, रात्री तिथे उभं राहण्यात अर्थ नाही. नारळी पौर्णिमा झाली की त्यानंतरची पहिली वद्य द्वादशी बघून ठेवलीय, साडूंना फोन पण झालाय. या वेळी जाताना गल्लीतल्या काकांना सोबत नेतोय, त्यांनी समुद्र अजून बघितलेला नाही.