शेजारच्या घरात नेट द्यायचंय: रिपीटर, मेश की बाहेर लावायचे सीपीई?

एका घरात फायबर आलंय, शेजारच्या घरात आलेलं नाही किंवा दोन-दोन भाडी भरायची इच्छा नाही, मधे पन्नासेक पावलांचं अंतर आहे आणि राउटरचं पेज उघडून चार सेटिंग्ज बदलण्याइतपत तुम्हाला येतं, असं धरून लिहितोय. आमचं अगदी हेच होतं. घर गुहागरच्या बाजूला, फायबर आमच्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली कारण पुढे खांबच नाही. काकांचं घर पलीकडे, मधे नारळ-पोफळी, दोन फणस आणि एक पायवाट. चुलतबहिणीचं वर्क फ्रॉम होम, काकूंच्या मालिका मोबाइलवर, आणि मोबाइलची रेंज म्हणाल तर पायवाटेवर उभं राहिलं की येते तेवढीच.

केबल का नाही टाकली असं सगळे विचारतात म्हणून ते आधी उरकतो. लॅनची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत आरामात चालते, पण वैशाखात आणि परतीच्या पावसात आमच्याकडे विजा ज्या कडाडतात ते बघता वेगवेगळं अर्थिंग असलेल्या दोन घरांत तांब्याची तार ताणून ठेवायची माझी तरी छाती नाही. फायबरची टाकली तर तो धोका टळतो पण मग बाग कोण खणणार, आणि वरून न्यावी तर वानरं आहेतच, त्यांनी आमच्या डिशचं काय केलंय ते एकदा बघायला या.

तर रिपीटर, म्हणजे राउटरचा वायफाय सिग्नल पकडून पुढे पाठवणारा प्लगमधला छोटा डबा. बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात, आम्हीही केली. दीड-दोन हजारांत येतो, भिंतीला भोक नाही, शिडी नाही, दहा मिनिटांत चालू. सिंगल बँडचा, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा असेल तर एकाच चॅनलवर ऐकायचं आणि त्याच चॅनलवर पुढे पाठवायचं, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो म्हणून लोक फार नावं ठेवतात त्याला, पण खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाटलं नाही. व्हिडिओ कॉल अडकत नव्हता, मालिका चालत होती, बस की.

वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीने, आणि ती कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. रिपीटर कुठे लावायचा हे तुम्ही ठरवत नाही, सिग्नल ठरवतो. काकांचं घर चिऱ्याचं, भिंती चांगल्या जाड, पावसाळ्यात त्या पाणी पिऊन बसतात. आमच्या घराकडे तोंड करून त्या घराला एकच खिडकी, ती स्वयंपाकघराची, आणि तिथे ओट्यावर एकच प्लग, तो मिक्सरचा. मग काय, वाटण काढायची वेळ झाली की काकू रिपीटर उपटणार, मिक्सर लावणार, आणि नंतर तो परत लावायचं कधी लक्षात राहणार कधी नाही. बहिणीची सकाळची मीटिंग आणि खोबऱ्याचं वाटण यांची वेळ तर जणू ठरवून एकच. मल्टिप्लग आणून बघितला तर तो जडशीळ रिपीटर त्यातून लोंबायचा आणि ओटा पुसताना फडक्याचा धक्का लागला तरी दिवा लाल. एक्स्टेंशन बोर्ड ठेवला तर खाली पाणी, वर फोडणीचा धूर, महिन्याभरात बोर्ड तेलकट होऊन चिकचिकीत. काकूंना काही बोलायची सोयच नाही कारण ओटा त्यांचा, रिपीटर उपरा.

त्यात लाईट गेली की अजून एक. लाईट आल्यावर रिपीटर आधी जागा होतो, आमच्याकडचा फायबरचा डबा सावकाश उठतो, आणि आमचा रिपीटर तर अशा वेळी दोनदा शोधून नाद सोडायचा तो कोणीतरी बंद-चालू करेपर्यंत. तिकडे फोनवर मात्र वायफायच्या दांड्या फुल, कारण त्या दांड्या रिपीटरच्या असतात, नेटच्या नव्हे. की लगेच हाक, "अरे, नेट गेलं का रे?"

मेशबद्दल थोडक्यात. मेश म्हणजे मिळून एकच वायफाय पसरवणारी दोन-तीन युनिट्स. एकाच मोठ्या घराला, वर-खाली मजले असतील तर मेशच घ्या, यात मला काही शंका नाही. फोन एका युनिटवरून दुसऱ्यावर गुपचूप जातो, नाव-पासवर्ड एकच, ट्राय-बँड (तीन बँडवाला, त्यातला एक युनिट्सना आपसात बोलायला) घेतलात तर स्पीडही टिकतो. आतेभावाचा सेट पुण्याहून मागवून लावून बघितला होता. पण आतल्या युनिट्सना दोन घरांमधली ही मोकळी हवा, ती झाडं आणि त्या भिंती यांचं काही करता येत नाही, आणि दुसरं युनिट शेवटी गेलं कुठे, तर त्याच खिडकीत. मिक्सरशेजारी. पैसे मात्र रिपीटरच्या तिप्पट-चौपट. ज्यांच्या घरात समोरासमोरच्या खिडक्यांजवळ मोकळे प्लग आहेत त्यांना कदाचित माझं हे रडगाणं पटणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता बाहेर लावायचे सीपीई, म्हणजे दोन ठिकाणं हवेतून जोडणारे अँटेनावाले डबे. वीतभर उंचीचा पांढरा डबा, एक आमच्या पडवीच्या वळचणीला, दुसरा काकांच्या, दोघांनी एकमेकांकडे तोंड करून बघत बसायचं. प्रत्येकातून एक लॅन केबल घरात, आणि वीजही त्याच केबलमधून वर जाते, अडॅप्टर आत कुठेही लावा. काकांकडे ती केबल माजघरात नेली, तिथे एक जुना राउटर पडून होता तो जोडला, आणि तो आता टीव्हीच्या वर फळीवर आहे जिथे कोणाचा हात जात नाही. ओट्याचा संबंध संपला. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला, बाकीचे सगळे मुद्दे नंतरचे.

आम्ही टीपी-लिंकचे सीपीई५१० घेतले, ५ गिगाहर्ट्झवाले. सीपीई२१० थोडे स्वस्त असतात पण ते २.४ वर, आणि तिथे आधीच दोन्ही घरांचे राउटर बोलत असतात. युबिक्विटीचे लोको किंवा लाइटबीमही लोक वापरतात, चांगलेच आहेत म्हणतात, त्यांचं सेटिंगचं पेज मला जरा अंगावर आलं इतकंच. एक बघून घ्या, ५१० चा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे, त्यामुळे पलीकडे नव्वदच्या आसपासच मिळणार. आमचा पॅकच तेवढा नाही म्हणून फरक पडला नाही, पण ३०० चा पॅक असेल आणि तो पूर्ण पलीकडे हवा असेल तर गिगाबिट पोर्टचा सीपीई७१० बघा. खर्च दोन ५१० मिळून सात-आठ हजारांच्या घरात जातो, भाव खालीवर होतात. ५ गिगाहर्ट्झ घराबाहेर वापरायला परवानगी लागते का असं एकाने विचारलं होतं. २०१८ च्या ऑक्टोबरपासून ठरलेल्या पॉवरच्या मर्यादेत त्याला लायसन्स लागत नाही.

लावताना डोकं खाल्लं ते आयपीने, म्हणजे डब्यांच्या नेटवर्कमधल्या पत्त्याने. दोन्ही डबे कारखान्यातून १९२.१६८.०.२५४ हाच पत्ता घेऊन येतात, त्यामुळे दोन्ही टेबलावर ठेवून एकाचा पत्ता आधी बदला आणि मगच शिडी चढा. आमच्याकडचा अॅक्सेस पॉइंट (नेट देणारा), काकांकडचा क्लायंट (घेणारा), काकांकडच्या राउटरचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला पत्ते वाटायचं काम) बंद आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये, बाहेरचं नेट घ्यायच्या वॅनमध्ये नाही. चॅनल ऑटोवर ठेवू नका, मधल्या चॅनलना रडार ऐकून बाजूला व्हायचा नियम असतो आणि मग लिंक मधूनच गायब होते. १४९ किंवा त्याच्या पुढचा एखादा धरून ठेवा. आणि पॉवर कमी करा. कंपनी यावर १५ किलोमीटरचा दावा करते, आपण पन्नास पावलांवर आहोत, फुल पॉवर ठेवली तर समोरच्याच्या कानात ओरडल्यासारखं होतं. सिग्नल उणे ५० ते उणे ६० डीबीएमच्या मधे दिसला की हात जोडून खाली उतरा.

पावसाचं विचारतात लोक, कारण पाऊस आला की टीव्हीची डिश जाते हे सगळ्यांनी बघितलंय. डिश १० गिगाहर्ट्झच्या वर चालते म्हणून तिला पाऊस बाधतो, ५ वर आणि एवढ्या अंतरात आषाढातली धो-धो झडसुद्धा काही करत नाही. करतात ती ओली पानं. फणसाची एक फांदी दोन डब्यांच्या मधे आली होती, उन्हाळ्यात ती असून नसल्यासारखी, मृगाचा पाऊस पडल्यावर मात्र लिंक धापा टाकायला लागली. फांदी तोडली, विषय संपला. नुसती नजरेची रेषा मोकळी असून भागत नाही, मधल्या भागात आजूबाजूला साधारण हातभर तरी मोकळं हवं. केबल डब्यात शिरायच्या आधी तिला खाली एक वेलांटी द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल, आणि खालचं झाकण नीट बसवा नाहीतर मुंग्या आत संसार थाटतात. वानरांनी अजून तरी हात लावलेला नाही, वळचणीखाली त्यांना लोंबकळायला काही सापडत नसावं.

लाईटचं गाऱ्हाणं यातही थोडं आहेच. हे डबे २४ व्होल्टवर चालतात त्यामुळे राउटरसाठी मिळतो तो १२ व्होल्टचा मिनी यूपीएस यांना चालत नाही, दोन्हीकडची अडॅप्टर घरच्या इन्व्हर्टरवर घ्यावी लागतात. पण लाईट आल्यावर दोघे आपापले एकमेकांना शोधून जोडले जातात, हाक येत नाही.

भाड्याचं घर असेल, भिंतीला भोक पाडायला मालक नाही म्हणत असेल, किंवा फक्त मे महिन्यात पाहुण्यांपुरतं नेट हवं असेल तर मी अजूनही रिपीटरच घ्या म्हणेन, सहा हजार जास्त घालायचं काही कारण नाही. फक्त खिडकीजवळचा प्लग कोणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा. आणि कुठलाही पर्याय घेतलात तरी पॅकच्या अटी वाचा, बऱ्याच कंपन्या कनेक्शन त्या एका पत्त्यापुरतंच देतात, आणि पलीकडून कोणी काही उद्योग केला तर विचारणा ज्याच्या नावावर कनेक्शन त्याला होते. काका आहेत म्हणून मी दिलं, नुसत्या ओळखीवर दिलं नसतं. त्यांच्याकडचा पासवर्डही वेगळा ठेवलाय, कारण त्यांच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा पाणी प्यायच्या आधी तो मागतो.