पाठ केलेले संवाद की नव्या शिक्षकांशी ओळख?
महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात असले, तरी ते वाचता येणाऱ्या अनेकांची जीभ बोलताना अडखळते. मग बोलण्याच्या सरावासाठी छापील संवाद पाठ करावेत, की नव्याने भेटलेल्या शिक्षकांशी इंग्रजीतून प्रश्न विचारत ओळख करून घ्यावी? छापील संवाद पाठ केल्याने शब्दक्रम पक्का होतो, परंतु समोरच्याने अनपेक्षित उत्तर दिले की गाडी तिथेच अडते. म्हणून पाठांतर मी सरावाच्या पहिल्या आठवड्यापुरतेच मान्य करीन. याउलट, नव्या शिक्षकांनाच त्यांचे गाव, आवडीनिवडी, पूर्वीची नोकरी यांविषयी विचारत गेल्यास ‘डू’ आणि ‘डिड’ यांतील फरक गरजेपोटी अंगवळणी पडतो, शिवाय उत्तर नीट ऐकल्याखेरीज पुढचा प्रश्नच रचता येत नाही. आपल्याकडे सहज विचारला जाणारा पगाराचा प्रश्न इंग्रजी शिष्टाचारात पहिल्या भेटीत बसत नाही, हेही (थोडे ओशाळून का होईना) तेव्हाच कळते.