काचेचं मशीन: दुरुस्त करावं, नवं टाकावं की भंगारातून आणावं?

कुंभार्ली घाट उतरताना पावसाची सर आली म्हणून बटण दाबलं, तर दारातून कट-कट-कर्र असा आवाज झाला आणि ड्रायव्हरकडची काच तिरकी होऊन दारात गडप झाली. चिपळूणपर्यंत उजवी बाही आणि मांडी भिजवत आलो. गाडी 2009 ची हॅचबॅक. पुढच्या दोन काचा बटणावर, मागच्या दोन हँडलवर. त्यानंतरच्या दीड वर्षात चारपैकी तीन दारं उघडून झाली आणि तिन्ही दारांना वेगवेगळा इलाज करावा लागला. एकाला दुरुस्ती, एकाला नवं मशीन, एकाला जुन्या बाजारातला माल. म्हणून हा हिशेब मांडतोय.

पण आधी मशीन, म्हणजे दाराच्या आत बसून काच खालीवर करणारी यंत्रणा, खरंच गेलंय का, ते बघा. गॅरेजमध्ये "मशीन गेलं, मोटर जळाली" हे वाक्य फार पटकन येतं. मला पहिल्याच ठिकाणी तेच ऐकवलं गेलं होतं, आणि मोटर आजही तीच चालू आहे.

अंधारात इंजिन बंद पण चावी ऑन ठेवून हेडलाइट लावा, समोर भिंत असू द्या आणि काचेचं बटण दाबा. उजेड किंचित मंदावला, पण काच हलली नाही, तर करंट मोटरपर्यंत पोचतोय आणि काहीतरी अडकलंय. उजेडात काहीच फरक नाही, तर फ्यूज, स्विच किंवा दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतली वायर बघायची. दार हजारो वेळा उघडून मिटून ती वायर आतल्या आत तुटते, वरून दिसत नाही. हे काम वायरमनचं. यासाठी मशीन विकत घेऊ नका.

काच चालते पण रडतखडत, वर जाताना मध्येच थांबते आणि दोन मिनिटांनी पुन्हा चालते, असं असेल तर दोष बहुतेक वेळा चॅनलचा. काच ज्या रबरी खाचेतून सरकते ते रबर दहा-बारा वर्षांत कडक होतं, आतली मखमल झिजते, धूळ बसते. मोटरला तेवढा जोर लावावा लागतो, ती तापते आणि आतला तापमानाचा कटआउट तिला थांबवतो. गार झाली की पुन्हा चालते. खाच ओल्या फडक्याने साफ करून, वाळवून सिलिकॉन स्प्रे मारला की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. इंजिन ऑइल किंवा ग्रीस मात्र रबरावर लावू नका, रबर फुगतं आणि धूळ आणखी धरून ठेवतं. चॅनल फाटलं असेल तर तेवढंच नवं घ्या. फाटक्या चॅनलमध्ये नवं मशीन बसवणं म्हणजे पैसे दारात टाकून वर काच लावणं.

आता मशीन. दोन जाती आहेत आणि पुढचा सगळा निर्णय त्यावर ठरतो.

कैचीच्या मशीनमध्ये लोखंडी दांडे, दात्यांची अर्धगोल पट्टी आणि टोकाला नायलॉनचे रोलर असतात. केबलच्या मशीनमध्ये उभी पट्टी, तिच्यावर सरकणारा प्लास्टिकचा बूट, आणि त्याला ओढणारी बारीक स्टीलची केबल, जी खाली ड्रमवर गुंडाळली जाते. कैची जड आणि ओबडधोबड, केबल हलकी आणि गुळगुळीत. नवी असताना केबल सरस. म्हातारपणी मात्र उलट.

कैची हळूहळू खराब होते. आधी काच डुगडुगते, मग हँडल एखाद्या जागी घसरतं. रोलर बदलता येतो, सैल रिव्हेट ठोकून घट्ट करता येतं, दाता झिजला तर वेल्डिंगचा थर देऊन कानशीने आकार देणारे कारागीर अजून आहेत. माझ्या मागच्या डाव्या दाराचं मशीन असंच उभं राहिलं. दोन रोलर, पांढरं ग्रीस आणि तासाभराची मजुरी, बस्स. एकच इशारा. ज्या कैचीला काचेचं वजन तोलणारी चकलीसारखी स्प्रिंग असते, तिची मोटर किंवा गिअर सोडवण्याआधी दांडे बांधून घ्या. दांडा सुटून फटकन बसतो आणि बोट मध्ये असेल तर संपलं.

केबल मात्र सांगून जात नाही. एकेक तार तुटते, तिची टोकं ड्रमच्या खाचेत अडकतात, ड्रम फुटतो आणि कुंभार्ली घाट होतो. दुरुस्ती करता येते का? येते, पण मी करणार नाही. रस्त्याकडेचे मेकॅनिक बाइकची क्लच केबल कापून, टोकाला मणी झाळून बसवतात. ती केबल जाड आणि ताठ, छोट्या ड्रमवर नीट वळत नाही. लांबी थोडी चुकली तरी एका बाजूला ढिली पडते आणि काच तिरकी चालते. माझ्याकडे हा जुगाड चार महिने टिकला. तयार केबल-ड्रमचा संच तुमच्या मॉडेलचा मिळत असेल तर गोष्ट वेगळी, पण तो बसवायला हात सरावलेला हवा. नाहीतर केबलचं मशीन अख्खं बदला आणि मोटर जुनीच ठेवा. बहुतेक मशीनला मोटर दोन-तीन स्क्रूंवर असते. ती तपासायला बॅटरीच्या दोन वायरी लावा, मग उलट करून लावा. दोन्ही दिशांना सारखी फिरली तर ती चांगली आहे. दुकानदार मोटरसकट संच गळ्यात मारायला बघेल, नको म्हणा.

नव्यात कंपनीचा की लोकल? पुण्यात नाना पेठेत दोन्ही समोरासमोर ठेवून बघितले. लोकलचा पत्रा अंगठ्याने दाबला तर लवतो, बोल्टची भोकं मिलिमीटरभर इकडेतिकडे असतात, आणि मेकॅनिक ती कानशीने लांबवून बसवतो. तिथूनच काच पुन्हा खाच घासायला लागते. ड्रायव्हरची काच दिवसातून वीस वेळा खालीवर होते. फास्टॅग आल्यापासून टोलनाक्यावर सुटका झाली, पण पार्किंगची पावती आणि पत्ता विचारणं आहेच. त्या दाराला मी कंपनीचंच टाकलं. मागच्या दाराला लोकल चाललं असतं.

जुन्या बाजाराचं गणित वेगळं. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तासभर फिरलं की अपघातात गेलेल्या गाडीचं दार अख्खं समोर येतं. तिथून कैची घ्या, मोटर घ्या, स्विच घ्या. केबल घेऊ नका. तुमची केबल जेवढी म्हातारी, तेवढीच ती. डावं-उजवं एकमेकांना चालत नाही, पुढचं-मागचं चालत नाही, आणि मध्ये मॉडेल बदललं असेल तर कनेक्टर जुळत नाही. म्हणून आपलं जुनं मशीन पिशवीत घालून न्या. तिथेच बॅटरीवर फिरवून बघा. मोटरच्या कडेला चिखलाची पांढरी रेघ दिसली तर गाडी पाण्यात बुडालेली होती, हात जोडून पुढे चला. डावीकडच्या पुढच्या दारासाठी मला फक्त मोटर हवी होती. ती इथेच मिळाली.

हँडल काढून बटण बसवायचा मोह होतो. वडील म्हणालेच, "एवढं उघडलंच आहेस तर पॉवर करून टाक." केलं नाही. दाराच्या बिजागरीपाशी भोक, रबरी नळी, रिले, फ्यूज आणि नवी वायरिंग, हे सगळं अशा गाडीवर जिचं मागचं चॅनल आधीच कडक आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनीच वाढते, आणि पुढचं पासिंग करणार की नाही तेच ठरलेलं नसताना हा खर्च मला झेपला नाही. रोज मागे आईवडील बसत असतील तर विचार करा.

कुठलाही मार्ग घ्या, दाराचं आतलं पॅड परत लावण्याआधी काच दहा वेळा खालीवर करून बघा आणि दाराच्या बुडाची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. आणि पॅडच्या मागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद मेकॅनिक हमखास फाडून कोपऱ्यात टाकतो. तो उचलून परत चिकटवून घ्या. माझ्या पहिल्या दाराला तो चिकटवायचा राहिला, आणि श्रावणात पायाखालचं मॅटिंग कुजलं.